लिव्हर-ॲक्शनमध्ये हरणासाठी कुठली गोळी भरू? आधी मॅगझिनला विचार, मग कॅटलॉग उघड

तुझा प्रश्न तुझ्या आईच्या फोनवरनं फिरत फिरत विट्यात माझ्यापर्यंत आला, त्यामुळं आधी मला जे कळलंय ते लिहितो, चुकलं असेल तर सांग. सासऱ्यांनी तुला त्यांची जुनी मार्लिन ३३६ दिली, चापाजवळचा दांडा म्हणजे लिव्हर खाली-वर करून चालवायची रायफल, थर्टी-थर्टी नावाच्या काडतुसाची, २० इंची नळी, सोबत रीलोडिंगची म्हणजे घरी काडतुसं भरायची प्रेस, डाय, तराजू आणि एका खोक्यात .३०८ इंच व्यासाच्या १५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाच्या टोकदार गोळ्या. आता थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी पेनसिल्व्हेनियात रायफलचा डिअर सीझन उघडतोय आणि तुझं म्हणणं असं की व्यास तोच आहे, वजन तेच आहे, मग ह्याच गोळ्या भरू का, नाहीतर कुठल्या घेऊ.

उत्तर आधी देतो, पाल्हाळ मग. त्या टोकदार गोळ्या ह्या बंदुकीत भरायच्या नाहीत. एकसुद्धा नाही.

कारण नीट समजून घे, कारण नुसतं नको म्हटलं की माणूस एकदा करून बघतोच. तुझ्या मार्लिनच्या मुख्य नळीखाली जी दुसरी नळी दिसते ना, ते मॅगझिन. त्यात काडतुसं आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागं एक बसतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं, आणि बुडात मधोमध काय असतं, तर प्रायमर, ठोकर बसली की दारू पेटवणारी टिकली. पुढनं स्प्रिंग सगळ्यांना सतत दाबून धरतेय. तू चाप ओढलास, बार झाला, बंदूक मागं झटकली की ती सगळी माळ आतल्या आत पुढंमागं आपटते. गोळीचं टोक चपटं असेल तर आपटून काही होत नाही, प्रायमरभोवतीच्या पितळेवर भार पसरतो. टोक अणकुचीदार असेल तर ती गोळी म्हणजे प्रायमरवर ठोकणारी फायरिंग पिनच झाली की लगा. आणि हे मॅगझिन कुठं असतंय, तर तुझ्या डाव्या हाताच्या मुठीत.

कुणीतरी शहाणा तुला सांगेल की एक काडतूस चेंबरमध्ये म्हणजे मुख्य नळीत बाराला तयार आणि एकच मॅगझिनमध्ये ठेवायचं, म्हणजे पुढं प्रायमरच नाही, मग टोकदार चालतंय. हिशोबानं बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही, असं करणारी माणसं मी बघितलीत. पण पहाटे सहाला, बोटं थंडीनं बधिर, पहिला बार चुकलाय, अशा वेळी खिशातनं हाताला येईल ते आत जातं आणि तिथं हिशोब संपतो. असल्या युक्त्या टेबलावर बसून चांगल्या वाटतात.

एक खुलासा करतो, नाहीतर पुढं गोंधळ होईल. लिव्हर आहे म्हणून चपटी गोळी, असं नाही. नळीचं मॅगझिन आहे म्हणून चपटी. सॅव्हेज ९९ ला आत फिरकीसारखं गोल मॅगझिन असतंय, ब्राउनिंग बीएलआर आणि विंचेस्टर १८९५ ला पेटीचं, त्यात काडतुसं एकावर एक किंवा शेजारी शेजारी बसतात, तिथं टोकदार खुशाल चालतात. तुझी त्यातली नव्हे. ते खोकं .३०८ ची बोल्ट रायफल असलेल्या कुणाला तरी देऊन टाक, दुवा देईल.

आता दुसरं कारण, हे लोक सांगत नाहीत आणि माझ्या मते हेच जास्त लक्षात ठेवण्यासारखं आहे. समजा टोकाचा प्रश्न नसता, तरी ती गोळी ह्या काडतुसाला बरी नव्हे. थर्टी-थर्टी हे म्हातारं काडतूस आहे. ते ज्या बंदुकीसाठी केलं ती विंचेस्टर १८९४ ची, जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातली, आणि काडतूस त्यात १८९५ ला आलं, बिनधुराच्या दारूवर चालणारं अमेरिकेतलं पहिलं शिकारी काडतूस म्हणून त्याचं नाव. नावातला पहिला ३० म्हणजे कॅलिबर, दुसरा ३० म्हणजे त्या काळच्या दारूचे ३० ग्रेन. (आणि त्या काळच्या दारूचे म्हणजे त्याच काळच्या, आजच्या कुठल्याही डब्यातले ३० ग्रेन मोजून ओतू नकोस, नावात आकडा आहे म्हणून तो लोड म्हणजे दारूचं माप होत नाही. मी दारूचा एकही आकडा इथं लिहिणार नाही, ते मॅन्युअलमधनं घ्यायचं, त्याच गोळीचं पान उघडून, सगळ्यात खालच्या आकड्यापासनं.) ह्या काडतुसाची दाबाची मर्यादा ४२,००० पीएसआय, .३०-०६ ह्या ताकदवान काडतुसाची ६०,०००. म्हणजे ही शर्यतीची गाडी नव्हे, आपली एसटी आहे. फॅक्टरीची १५० ग्रेनची गोळी २४ इंची नळीतनं साधारण सेकंदाला २३९० फुटानं सुटते, १७० ची २२०० नं, आणि तुझ्या २० इंची नळीत त्यातनंही थोडं वजा कर.

गोळीचं काम नुसतं भोक पाडायचं नसतंय. आत गेल्यावर तिचं नाक छत्रीसारखं उघडायला पाहिजे, व्यास दुप्पट-बिप्पट व्हायला पाहिजे, तर हरीण जागेवर किंवा पन्नास पावलांत पडतं. ही छत्री उघडते वेगानं. .३०८ किंवा .३०-०६ साठी केलेल्या गोळीचं तांब्याचं कवच जाड ठेवलेलं असतं कारण ती जोरात आदळणार हे बनवणाऱ्यानं धरलेलं असतं, तीच गोळी थर्टी-थर्टीच्या सावकाश वेगानं गेली की छत्री मिटलेलीच राहते. थर्टी-थर्टीसाठी म्हणून ज्या गोळ्या करतात त्यांचं कवच पुढं पातळ, नाकाला शिसं उघडं. एकच व्यास, एकच वजन, पण स्वभाव वेगळा. चपलेचा नंबर सारखा म्हणून शेतातली चप्पल लग्नात घालत नाही, तसं.

हे मी शिकलो कसं तर चुकून. मी किर्लोस्करवाडीच्या टूलरूममधनं शिकून पुढं तिकडं एका कारखान्यात टूल-अँड-डायचं काम करायला गेलो, सव्वीस वर्षं काढली, शिकार मला तिथल्या फोरमननं शिकवली. दुसऱ्याच वर्षी मला वाटायला लागलं की मशीनवर मायक्रॉन सांभाळणाऱ्या माणसाला कोण काय शिकवणार. मग मी बोल्ट रायफलच्या कडक गोळ्या घेतल्या, १८० ग्रेन, टोकदार, आणि तेच ते ‘एक चेंबरमध्ये’वालं गणित करून गेलो. ऐंशी यार्डावर मादी होती, नेम चांगला लागला, खांद्याच्या मागं, आणि ती अशी चालत निघून गेली जशी काही मी शिट्टीच मारली. रक्त नाही म्हणजे नाहीच, पानांवर इथं एक थेंब तिथं एक थेंब. अंधार पडला, मी आणि फोरमन टॉर्च घेऊन अडीच-तीन तास हिंडलो, शेवटी ओढ्याच्या कडेला सापडली. सोलल्यावर बघितलं तर ह्या बाजूला पेन्सिलीएवढं भोक आणि त्या बाजूलाही पेन्सिलीएवढंच. फोरमन काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी त्यानं माझ्या बाकावर चपट्या नाकाच्या १७० ग्रेनच्या गोळ्यांचं खोकं आणून ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत.

बरं, आता वजन. हे ग्रेन प्रकरण आपल्या माणसाला नवीन वाटतंय पण आमच्या घरात नव्हतं, कारण आमचं घर गलाईचं. विटा-आटपाडीकडची निम्मी माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला गेली त्यातलेच आमचे आजोबा, आणि त्यांच्या तराजूत तोळा, मासा, गुंज. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर १८० ग्रेन. मासा १५ ग्रेनचा. म्हणजे १५० ग्रेनची गोळी बरोबर दहा माशांची, आणि १७० ची म्हणजे तोळ्याला १० ग्रेन कमी. हे एकदा डोक्यात बसलं की ग्रेनचा तराजू परका वाटत नाही. दारूचा तराजू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत दाखवतो, आजोबांनी असला तराजू बघून हात जोडले असते.

१५० का १७०, ह्यावर तिकडं लोक दुकानात उभं राहून तासतासभर भांडतात. माझं मत सरळ आहे. तू ज्या डोंगरात जाणार तिथं ओक आणि झुडपं, बार चाळीस ते ऐंशी यार्डांत होतो, शंभरच्या पुढं दिसतच नाही. तिथं १५० नं आणि १७० नं पडलेल्या हरणात मला आजवर फरक करता आलेला नाही. १५० थोडी सपाट जाते, धक्का थोडा कमी देते. १७० थोडी सावकाश पण खोल जाते, खांद्याचं हाड मधे आलं तरी पलीकडनं बाहेर पडायची शक्यता जास्त, आणि दोन भोकं पडली की रक्ताचा माग सोपा. मी १७० वाला आहे. त्या ओढ्याकाठच्या रात्रीनंतर मला माग सोपा पाहिजे, बाकी काही नको.

कुणाच्या घ्यायच्या, तर हॉर्नाडीची १७० ग्रेन फ्लॅट पॉइंट इंटरलॉक, सिएराची प्रो-हंटर फ्लॅट नोज, स्पीअरची हॉट-कोर फ्लॅट नोज, ह्या तिन्ही साध्या, कवचाच्या, नाकाला शिसं दिसणाऱ्या गोळ्या आहेत, सिएरा आणि स्पीअरची १५० मध्ये पण मिळते. तिघांतली कुठली चांगली ते मला नको विचारू, तुझ्या नळीला विचार. दुकानात जी मिळेल ती घे, शंभराचं खोकं घे, आणि एकदा ठरली की दरवर्षी बदलत बसू नको. महागड्या गोळ्या आहेत, आत भिंत घातलेल्या, कवच शिशाला चिकटवलेल्या, त्या मोठ्या वेगाच्या काडतुसांत खरंच कामाला येतात कारण तिथं साधी गोळी फुटून तुकडे होतात. थर्टी-थर्टीच्या वेगाला साधी गोळी फुटतच नाही तर भिंत कशाला. साठ-सत्तर किलोचं व्हाईटटेल हरीण आहे, गवा नव्हे.

गोल नाकाच्या पण येतात, उदाहरणार्थ हॉर्नाडीची १५० ग्रेन राउंड नोज, ती नळीच्या मॅगझिनसाठीच आहे, चालते. पण खोक्यावर ‘.३०-३०’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल आणि नाक बारीक वाटत असेल तर घेऊ नको. संशय आला की चपटी.

मग तू म्हणशील काका ती रबरी टोकाची? तीच, एफटीएक्स, १६० ग्रेन, लिव्हरेव्होल्यूशन नावानं भरलेली काडतुसंही मिळतात. टोकाला लाल मऊ रबर असतंय, मॅगझिनमध्ये दाबलं तर दबतं, म्हणून टोकदार असूनही सुरक्षित. कल्पना खरंच हुशार आहे, मी टोपी काढतो. फॅक्टरीचा वेग २४०० फुटांचा, आणि टोकदार असल्यामुळं हवेत तो टिकतो. चपट्या गोळीचं दोनशे यार्डावर वेगाचं पार वाटोळं झालेलं असतं आणि शंभरला नेम लावलेला असला तर साताठ इंच खाली जाते, एफटीएक्स तिथं चांगली. तुला मोकळ्या शेतात, मक्याच्या कडेला बसायचं असेल, दीडशे-दोनशे यार्ड दिसत असतील, तर ती घे. ओकच्या जंगलात साठ यार्डावर तिचा फायदा काय, तर खिसा हलका. आणि घरी भरताना पुस्तकातला तो वेग कुठल्याही दारूनं मिळत नाही, त्यासाठी त्याच नावाची हॉजडनची पावडर लागते, हे आधी माहीत असू दे. रबराचं टोक काढून बघायची, कापायची, टोकदार गोळीला स्वतः काहीतरी चिकटवायची असली कलाकारी करू नको. हसू नको, एकानं केलेलं मी बघितलंय.

इथपर्यंत मी सरळ म्हणत होतो की साधी १७० घे आणि विषय संपव. पण आईनं सांगितलं की तुझी मुलगी चार वर्षांची आहे आणि मटण घरीच खाणार. मग थांबून एक बोलतो.

शिशाची गोळी उघडताना तिचे बारीक बारीक कण मांसात पसरतात, एक्स-रे काढला की दिसतात, जखमेच्या वाटेपासनं चांगले वीतभर लांबसुद्धा. खाताना दाताला लागत नाहीत इतके बारीक. आमच्या वेळी कुणी विचार करत नव्हतं, जखमेच्या भोवतीचं काळं पडलेलं मांस काढलं की झालं. लहान पोरांच्या शरीरात शिसं जाणं वाईट, ह्यात डॉक्टरांच्यात दुमत नाही, आणि कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासनं शिकारीला शिशाची गोळीच बंद आहे. पेनसिल्व्हेनियात सक्ती नाही. पण घरात चार वर्षांचं पोर असेल तर मी स्वतःवर सक्ती केली असती.

पूर्ण तांब्याच्या गोळ्या थर्टी-थर्टीसाठी मिळतात. बार्न्सची १५० ग्रेन टीएसएक्स, चपट्या नाकाची, मधे पोकळ, उघडली की चार पाकळ्या होतात. हॉर्नाडीची १४० ग्रेन मोनोफ्लेक्स, तिला एफटीएक्ससारखंच रबरी टोक. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळं तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, केसमध्ये म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात जागा जास्त खाते, म्हणून शिशाच्या १५० चा लोड तांब्याच्या १५० ला अजिबात लावायचा नाही, तिचं पान वेगळं. १७० च्या मागं लागायची गरज नाही, तांब्याची गोळी वजन गमावत नाही, १५० ची आत गेली तर जवळजवळ १५० चीच राहते, खोल जाते. महाग आहे, हो. पण वर्षाला तू हरणावर किती बार करणार, दोन? तीन? सरावाला साध्या शिशाच्या भर, सीझनला तांब्याच्या, फक्त दोन्ही कुठं लागतात ते आधी कागदावर बघून घे, एकाच ठिकाणी लागतील असं धरून चालू नको. आणि एका गोळीवरनं दुसरीवर जाताना नळी घासून साफ कर.

मटणाचा विषय निघालाच आहे तर, व्हाईटटेलला चरबी नसतेच म्हटलं तरी चालेल, घरच्या कांदा-लसूण मसाल्यात सुक्कं करायचं तर तेल हात सैल सोडून घाल, नाहीतर चामडं चावल्यासारखं होतं. बायकोला हे आधी सांग, गोळीपेक्षा ह्यावरनं भांडण जास्त होतं.

तू विचारलं नाहीस पण विचारशीलच, की शिसं घरी वितळवून गोळ्या ओतू का. गलाईवाल्याच्या घरातला माणूस ह्याला नाही कसं म्हणणार. मी बरीच वर्षं ओतल्या, लायमनचा ३११०४१ हा साचा, चपटं नाक, बुडाला तांब्याची बारकी टोपी, ती गॅस चेक म्हणतात, आणि त्या गोळ्यांनी हरणं पाडली सुद्धा. मूस, मळी काढणं, धातूच्या रंगावरनं ताप ओळखणं, हे सगळं हातात होतंच, अमेरिकन मित्र तोंडात बोट घालायचे. पण पहिल्या वर्षी तू ह्याच्यात पडू नको. मार्लिनच्या बऱ्याच नळ्यांत मायक्रो-ग्रूव्ह म्हणजे बारीक बारीक जास्त खाचा असतात, त्यात ओतलेली गोळी .३१० पर्यंत जाड नसेल तर धरत नाही, मग नळीत शिसं चिकटतं आणि नेम बोंबलतो. मिश्रण कडक केलं तर उघडत नाही, मऊ केलं तर चिकटतं. त्यात शिशाचा धूर, आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तर सगळं अंगावर. लहान पोराच्या घरात तर नकोच.

आता गोळी निवडली तरी काम निम्मंच झालं, कारण नळीच्या मॅगझिनमध्ये ती केसमध्ये घट्ट बसलेली पाहिजे. गोळीला मधे एक दाते पाडलेली खाच दिसेल, कॅनेल्यूर म्हणतात, केसचं तोंड त्या खाचेत दुमडायचं, ह्याला क्रिम्प. बोल्ट रायफलवाले क्रिम्प करत नाहीत, त्यांचं ऐकू नको. तुझ्या मॅगझिनची स्प्रिंग गोळीला सतत आत ढकलतेय आणि धक्का वर आहेच, क्रिम्प ढिला असेल तर गोळी केसमध्ये आत सरकते आणि दाब वाढतो. म्हणूनच गोळी निवडताना खाच आहे ना आणि ती बरोबर जागी आहे ना ते बघायचं, थर्टी-थर्टीच्या गोळ्यांना असते. पूर्ण काडतूस २.५५० इंचापेक्षा लांब होता कामा नये, नाहीतर तुझी मार्लिन ते उचलताना अडकवून ठेवेल.

क्रिम्पमधली नेहमीची चूक सांगतो. थर्टी-थर्टीच्या केसची मान फार पातळ असते, गोळी बसवणं आणि क्रिम्प एकाच फटक्यात करायला गेलास आणि जोर जरा जास्त झाला की मान खाली खांद्यात बसते, डोळ्याला दिसत नाही इतकी, आणि मग काडतूस चेंबरमध्ये जात नाही. नेमकं हे कधी कळतं, तर हरीण समोर असताना. म्हणून आधी गोळी बसव, मग वेगळ्या फेरीत क्रिम्प कर, ली कंपनीची फॅक्टरी क्रिम्प डाय ह्यासाठी स्वस्त आणि चांगली आहे. पण सगळ्या केसची लांबी सारखी असेल तरच क्रिम्प सारखा बसतो, कमाल लांबी २.०३९ इंच, कापून २.०२९ ला आण. प्रायमर बुडाच्या पातळीच्या वर आलेला नको, बोट फिरवून बघ, नखाला लागला तर ते काडतूस बाजूला.

आणि खरी दारू हातात घ्यायच्या आधी चार-पाच नकली काडतुसं कर. प्रायमर नाही, दारू नाही, फक्त केस, गोळी आणि क्रिम्प. कॅलिपरनं मोज, मॅगझिन भर, लिव्हर चालवून सगळी बाहेर काढ, परत भर, असं दहावेळा, आणि परत मोज. लांबी तेवढीच असेल तर क्रिम्प जमला. बाकाच्या कडेला गोळी टेकवून अंगठ्यानं जोरात दाबून बघ, सरकता कामा नये. टूलरूममध्ये आम्ही ह्याला ट्रायल म्हणायचो, पहिला नग पास झाल्याशिवाय लॉट चालू करायचा नाही.

केस किती वेळा वापरायची, हा पण प्रश्न येईल. ह्या बंदुका बोल्टला (चेंबर बंद करणारा दट्ट्या) मागनं कुलूप लावतात, त्यामुळं प्रत्येक बारात केस थोडी ताणते, बुडाच्या जरा वर. तिथं बाहेरनं चकाकणारी रेघ दिसली किंवा आतनं वाकवलेली तार फिरवताना खाच लागली, की केस भंगारात. पितळेला भाव आहे, जीव लावू नको.

मग कागदावर. शंभर यार्डावर, थंड नळीतनं तीन बार, मग थांब, नळी गार होऊ दे, चहा पी, परत तीन. हरणावर पहिला बारच मोजायचा असतो आणि तो थंड नळीतनंच जातो, दहा बारांची सरासरी जंगलात काय कामाची. हरणाची काळीज-फुप्फुसाची जागा आठेक इंच, म्हणजे आपली मध्यम भाकरी. बसून, उभ्यानं, झाडाला टेकून ज्या अंतरावर तुझे सगळे बार भाकरीत पडतात ते तुझं अंतर. माझं पंचाहत्तर यार्ड होतं आणि सांगायला मला कधी लाज वाटली नाही. तीन गोळ्या तुझ्या नळीत सव्वा-दीड इंचात आल्या काय आणि अडीच इंचात आल्या काय, त्या भाकरीला काही फरक पडत नाही, त्यामुळं अर्ध्या इंचासाठी सहा प्रकारची खोकी घेऊन बसू नको.

कायद्याचं दोन ओळीत. तुझं ग्रीन कार्ड झालंय म्हणून मी हे मोकळेपणानं लिहितोय, एच-वनवर असलेल्या तुझ्या मित्राला मात्र सांग की नुसती बंदूक हाताळणंसुद्धा फेडरल कायद्यानं गुन्हा ठरू शकतो, वैध शिकारीचं लायसन असेल तर त्यातनं सूट आहे, ते आधी नीट वाचायला लाव. नारिंगी जाकीट आणि टोपी, डोकं-छाती-पाठ मिळून किमान २५० चौरस इंच, ह्यात कंजूषी नको. आणि इथं गावाकडं कुणी तुझा व्हिडिओ बघून पाटलांच्या वाड्यातली ठासणीची बंदूक काढायच्या गोष्टी करायला लागला तर त्याला आवर. १९७२ चा कायदा आहे, आपल्याकडं चितळ, सांबर, भेकर कशालाच हात लावायचा नाही, घरी काडतुसं भरायची तर गोष्टच सोड. मी आता हरणं बघायला सागरेश्वरला जातो, देवराष्ट्र्याच्या बाजूनं वर चढायचं, धों. म. मोहित्यांनी उजाड डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य. चितळांचा कळप बघितला की अजून उजवं बोट आपोआप हलतं, खोटं कशाला बोलू, मग खिशातनं शेंगा काढून खात बसतो.

तर खरेदीची यादी अशी, १७० ग्रेन फ्लॅट नोज शंभर, सरावाला आणि नळी समजायला. १५० ग्रेन चपटी तांब्याची पन्नास, सीझनला. लार्ज रायफल प्रायमर, ताजं मॅन्युअल (सासऱ्यांचं १९७० सालचं कपाटात ठेव, त्यातनं लोड घेऊ नको), कॅलिपर.

एक राहिलं. सासऱ्यांच्या खोक्यांत आधीच भरून ठेवलेली काडतुसं नक्की सापडतील, वीस-तीस वर्षांपूर्वीची, वर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. सासरे कितीही वाकबगार असले तरी ती उडवायची नाहीत, आत कुठली दारू किती हे आता त्यांनासुद्धा आठवणार नाही. हातोड्यासारखा बुलेट पुलर मिळतो, डोळ्याला चष्मा लावून एकेक काडतूस उघड, केस ठेव, दारू अंगणात गुलाबाच्या बुडाला पातळ पसर, नायट्रोजन असतोय तिच्यात. आणि नकली काडतुसाचा कॅलिपर लावलेला फोटो पाठव, आकडा दिसेल असा.